चाचीची लंका

भांबुर्ड्याचा पाला हाताला लागला की त्या उग्र वासासरशी मला पेणजवळच्या आमच्या गावातली पोपटीची एक संध्याकाळ आठवते. भात निघालेल्या शेतात, याच पाल्यात वालाच्या शेंगा भाजायला भरलेलं मडकं उपडं घालून त्यावर पेंढा पेटवला होता, आणि धरमतरच्या खाडीवरून खारा वारा येत होता. शेजारचे चाचा दुसऱ्या दिवशी पुन्हा दुबईला निघणार होते. स्वस्त तिकिटामुळे येताना ते कोलंबोवरून आले होते आणि तिथल्या प्रेक्षणीय स्थळांचं एक रंगीत कॅलेंडर घेऊन आले होते. चाचीने ते शेतातही आणलं. चहाचे मळे, बुद्धाची देवळं तिने भराभर उलटली आणि रानातून एकटाच वर आलेल्या एका प्रचंड खडकावर बोट ठेवलं. "याच्या टोकावरनं आपली खाडी दिसत असंल काय ओ?" चाचा त्या चित्रावर वाकून म्हणाले, "व्हय गो, दिसत असंल." "मग जाताना थांबा तिथं. वर चढून हात करा. मी बांधावरनं बघीन." मडक्यावर कुणीतरी पाणी शिंपडलं, ते चर्रकन आटलं. पोपटी झाली होती. चाची चाचांसाठी शेंगा सोलायला बसली आणि सोलतच राहिली. पुढे चाचा कितीदा आले-गेले, खडक मात्र राहूनच गेला. आता दोघंही नाहीत. यंदा मी तो खडक चढले. बरोबरचे सगळे फोटो काढत होते. मी उत्तर कुठली ते विचारून घेतलं आणि तिकडे तोंड करून हात केला.