मशीनसाठी जीप होती

सतरा वर्षं फौजेत काढून मी हवालदार म्हणून रिटायर झालो. मागच्या निवडणुकीत माजी सैनिक म्हणून मला बंदोबस्ताची ड्यूटी लागली. केंद्र घनसावंगी तालुक्यातल्या एका शाळेत, पत्र्याच्या खोलीत. केंद्राध्यक्ष भास्कर साळवे, वडीगोद्रीकडचे शिक्षक. वय चोपन्न.

साडेपाचला मॉक पोल झाला. चाचणीची मतं मोजली, पुसली, सील लावलं. साळवे सरांनी पक्षांच्या एजंटांना प्रत्येक सीलचा नंबर मोठ्यानं वाचायला लावला. "बघून घ्या. नंतर म्हणाल, दाखवलं न्हाई." सातला मतदान सुरू झालं.

साडेअकराला व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी काचेतून दाखवणारं यंत्र, बंद पडलं. झोनल अधिकारी फोनवर म्हणाला, "दुसरं घेऊन निघतो. वीस मिनिटं."

बाहेर रांग उन्हात. कुणीतरी ओरडलं, "मशीन बदलून राह्यले!" गर्दी दाराकडे आली. मी काठी आडवी धरली.

"हवालदार, काठी खाली घ्या. काठीनं भरोसा बसत न्हाई," सर म्हणाले आणि बाहेर गेले. झालेली मतं कंट्रोल युनिटमध्ये आहेत, त्याचं सील तसंच राहणार, बंद पडलंय ते चिठ्ठीचं यंत्र. हेच ते रांगेतल्या एकेकाला सांगत राहिले. वीस मिनिटांची सत्तर झाली. मांडव मंजूर होता, आला नव्हता. मशीनवर ऊन पडू नये म्हणून लेखी आदेश होता. माणसांसाठी कागदाचा कपटाही नव्हता.

१२.४० ला झोनल अधिकारी जीप घेऊन आला. यंत्र बदललं, रांग हलली. एक वाजता सर दारात कोसळले. अंग भट्टीसारखं, घामाचा थेंब नाही.

मी झोनल अधिकाऱ्याला म्हणालो, "साहेब, जल्दी. जीपमध्ये घेऊ यांना."

"जीपमध्ये राखीव मशीन आहेत. बाहेरचा माणूस घेता येत नाही."

"बाहेरचा? केंद्राध्यक्ष हायेत ते!"

"ॲम्ब्युलन्स बोलवा. मला वर उत्तर द्यावं लागतं."

जीप निघून गेली. फौजेत आम्ही जखमीला परत आणायचो, त्याचं हत्यारही आणायचो. मी जीपपुढं आडवं पडायला पाहिजे होतं. नाही पडलो. हुकूम ऐकायची सवय. त्या अधिकाऱ्याइतकाच राग मला माझा येतो.

ॲम्ब्युलन्स आली नाही. मघाशी ओरडलेल्या माणसानंच टेम्पो काढला. "सरांचं डोकं मांडीवर घ्या," एवढंच बोलला. घनसावंगीच्या अलीकडे सरांचा श्वास थांबला.

मोजणीत आमच्या केंद्राचा आकडा बराबर जुळला. एकाही एजंटानं हरकत घेतली नाही. अहवालात यंत्र बदलल्याची वेळ आहे, सरांबद्दल "प्रकृती अस्वास्थ्य" एवढंच.

दहा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी विचारलं, "त्यांनी मत दिल्तं का हो?"

"न्हाई वहिनी. रांग संपल्यावर देणार होते."

 

अहवालात नाही म्हणून इथं लिहितो. भास्कर साळवे, केंद्राध्यक्ष. ड्यूटीवर गेले. मी हजर होतो.