फेन्नाच्या पुढची पाठ

लग्न ठरलं तेव्हाच हार्मेनने जाहीर करून टाकलं होतं की दोघांत मिळून सायकल एकच घ्यायची. जोडसायकल. एकामागे एक दोन सीटा, चार पायडलं, सगळी एकाच साखळीला जोडलेली. त्याचं म्हणणं असं, की दोन सायकली असल्या की प्रत्येक चौकात भांडण. एकच असली की भांडायला जागाच उरत नाही. फेन्नाला तेव्हा हे बोलणं फार प्रेमाचं वाटलं होतं. पुढे कोण आणि मागे कोण, हा प्रश्न निघालाच नाही. हार्मेन हॉलंडमधल्या डेव्हेंटर गावच्या शाळेत भूगोल शिकवायचा. भूगोलाचा मास्तर मागे बसून कसं चालेल?

फेन्ना नदीकाठच्या बेकरीत पाव विकायची. वर्षभर ती पाव विके, तो नकाशे शिकवे, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की जोडसायकल गाडीच्या टपावर चढे. शहर मोटारीतून दिसत नाही आणि पायी संपत नाही, शहर बघावं ते सायकलवरून आणि सहकुटुंब, हे हार्मेनचं तत्त्व होतं. ब्रूज झालं, ब्रेमेन झालं, कोपनहेगन झालं. मधे मुलगी झाली, मिर्ते. ती आधी आईच्या मागच्या खुर्चीत बसून हिंडली, मग स्वतःच्या छोट्या सायकलवर.

एवढी शहरं हिंडून फेन्नाने पाहिली ती हार्मेनची पाठ. ब्रूजला ती निळी होती. ब्रेमेनला पावसामुळे पिवळी होती, आणि काखेखाली जरा उसवलेली. पाठीपलीकडून व्याख्यान चालू असे, पण वारा त्यातलं निम्मं पळवून नेई. "...व्यापारी लोक... मग सगळं जळालं... पुन्हा..." एवढंच मागे पोचायचं. फेन्ना "हो का" म्हणायची. एकदा तो रस्ता चुकल्याचं सांगत होता, तेव्हाही ती "हो का" म्हणाली.

चर्चपाशी पोचलं की वेगळाच प्रकार. जोडसायकलीला स्टँड नव्हता आणि भिंतीला टेकवली तर रंग जातो म्हणून हार्मेनचा जीव वरखाली व्हायचा. म्हणजे ती धरून कुणीतरी उभं राहायला हवं. मिर्तेच्या शिक्षणाचा प्रश्न असल्यामुळे बाप-लेक आत जात. "आम्ही आलो की तू जा," असं तो दर वेळी मनापासून म्हणायचा. ते बाहेर येईपर्यंत एक तर दार बंद व्हायची वेळ झालेली असे, नाही तर मिर्तेला भूक लागलेली असे.

घरी परतल्यावर कुणाचा तरी वाढदिवस येई. खुर्च्या गोल मांडायच्या, कॉफी, माणशी केकचा एक तुकडा, आणि मग हार्मेनच्या स्लाइडा. प्रत्येक स्लाइडमध्ये एक भव्य दार आणि दारापुढे सायकल धरून उभी असलेली फेन्ना.

"किती फिरतेस गं बाई तू," शेजारच्या आलिडाकाकू म्हणत. "आमच्या ह्यांनी मला कधी पूल ओलांडू दिला नाही."

फेन्ना हसून कॉफी ओतायची. तिने मनात तक्रार साठवून ठेवली होती हे खरं. पण आणखी एक गोष्टही खरी होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. चढ आला किंवा वारा तोंडावर आला की ती पाय नुसते फिरवायची, जोर लावायची नाही. साखळी एकच असल्यामुळे पुढच्याला काही कळत नाही. हार्मेन घामाघूम होऊन म्हणायचा, "दोघं मिळून कसं पटकन चढतो, नाही?" आणि ती म्हणायची, "हो ना."

मिर्ते अकरा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात स्ट्रासबर्गला जायचं ठरलं होतं. आठवडा राहिला असताना हार्मेन खिडकीची चौकट रंगवायला शिडीवर चढला आणि खांद्याचं हाड मोडून घेऊन खाली आला. हात गळ्यात अडकला.

"रद्द करू या," फेन्ना म्हणाली.

"हात मोडलाय, पाय नाहीत मोडले. तू पुढे बस, मी मागे बसतो. मागे बसायला काय लागतं?"

फेन्ना पाव कापत होती. तिची सुरी मधेच थांबली. मग तिने उरलेला पाव कापला, जरा जाड जाड.

गाडी तिनेच चालवली, तंबूही तिनेच ठोकला. सकाळी शहरात शिरायच्या आधी हार्मेनने मिर्तेकरवी सेफ्टी पिनांनी नकाशा फेन्नाच्या पाठीवर लावून घेतला, म्हणजे मागून त्याला वाचता येईल. फेन्नाने हँडल धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यापुढे पाठ नव्हती. तिला वाटलं, आता बघते मी शहर.

तिने पाहिले ते ट्रामचे रूळ. चाक रुळात अडकलं की तिघांची फजिती, म्हणून नजर रुळांवर. रूळ संपले की दगडी रस्ता, दगडी रस्ता संपला की उभ्या मोटारी, आणि त्यातल्या कुठल्या मोटारीचं दार कधी उघडेल याचा नेम नाही. डावीकडे कालवा असल्याचं तिला वासावरून समजलं.

"डावीकडे," मागून आवाज आला.

"चौक गेल्यावर सांगतोस?"

"तू ताठ बस. वाकलीस की नदी घडीत जाते."

पुढचे दोन चौक तिने ताठ बसून काढले. मग हार्मेन म्हणाला, "फेन्ना, इथून काही म्हणजे काही दिसत नाही गं. तुझी पाठ तेवढी दिसते."

हे वाक्य ऐकायची तिची किती वर्षांची इच्छा होती. आता काहीतरी चुरचुरीत बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात समोरून दुधाची गाडी आली आणि बोलायचं राहून गेलं.

पुलाच्या चढावर तिला दम लागला. मिर्ते शेजारून चालली होती. तिने मागे एक नजर टाकली.

"आई, बाबा पाय नुसते फिरवतायत."

"मी आजारी माणूस आहे," हार्मेन म्हणाला.

"आईपण तसंच करायची," मिर्ते म्हणाली. "कोपनहेगनला तर सगळ्या पुलांवर."

पूल उतरला. मोठ्या चर्चपुढच्या चौकात फेन्नाने सायकल थांबवली, उतरली, आणि नवऱ्याच्या चांगल्या हातात ती दिली.

"धर. आम्ही आलो की तू जा."

आत गारवा होता, उंच खांब होते, रंगीत काचा होत्या. फेन्ना मान वर करून बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आपण काचा बघत नाही आहोत, एका हाताने त्याला ते धूड पेलेल का याचा विचार करतो आहोत. "सुंदर आहे," ती मिर्तेला म्हणाली.

"सगळी अशीच असतात," मिर्ते म्हणाली. "आतून."

बाहेर आल्या तर हार्मेन लाल होऊन उभा होता. फेन्नाला वाटलं, खांदा दुखावला. पण त्याला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. नवरीचा बूट गटाराच्या जाळीत अडकला होता आणि नवरा सोडून सगळे तो काढत होते. एका कुत्र्याने पोलिसाच्या हातचं सॉसेज पळवलं होतं. दोन नन टॅक्सीवाल्याशी इतक्या भांडल्या की शेवटी टॅक्सीवाल्याने माफी मागितली. आणि एक जपानी बाई येऊन हार्मेनचा फोटो काढून गेली होती.

"तू दर वर्षी हे असलं बघत होतीस?"

फेन्नाने आठवून पाहिलं. ब्रूजला पाद्री सशाच्या मागे धावला होता. ब्रेमेनला एका म्हातारीने भर चौकात ट्रम्पेट वाजवून मुलाला परत बोलावलं होतं आणि तो आला होता. कोपनहेगनची तर यादीच निघाली असती. यालाच शहर बघणं म्हणतात हे तिला कधी वाटलंच नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू चर्चबद्दल सांगत असायचास."

हाड जुळलं. पुढच्या वर्षी हार्मेन आपणहून पुढच्या सीटवर गेला आणि फेन्नाने ती त्याला मुकाट्याने दिली. आलिडाकाकूंना तिची दया आली. "पुरुष सगळे सारखेच," त्या म्हणाल्या. फेन्नाने त्यांना तसं म्हणू दिलं, कारण त्या वर्षीचा बेत गेंटचा होता आणि तिथे चढाचे पूल पुष्कळ होते.

मिर्ते मात्र आली नाही. मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर बेटावर समुद्रात डुंबायला जाणार म्हणाली. हार्मेनने तत्त्व सांगून पाहिलं. "बाबा, मी सगळं आतून बघितलंय," ती म्हणाली, आणि पोहायचे कपडे पिशवीत भरायला लागली.

गेंटला दोघं मोठ्या चर्चपाशी पोचले. दार उघडं होतं, गर्दीही नव्हती.

"तू जा," हार्मेन म्हणाला. "मी धरतो."

"नको, तूच जा. तुला शतकं माहीत असतात."

"मला पाय दुखतात."

"दुखणारच. पुलांवर मी थोडाच जोर लावला," फेन्ना बोलून गेली, आणि तो हसला. एवढ्यात चौकाच्या टोकाला एक बँड येऊन उभा राहिला. त्यातला ढोलवाला कुणावर तरी रागावून निघून चालला होता, आणि बाकीचे ढोल त्याच्या मागे नेत होते. दोघंही एका हाताने सायकल धरून तिकडे बघत राहिले. ढोलवाला परत आला तोवर चर्चचं दार बंद झालेलं होतं.