वासुदेवराव रोजच हो म्हणाले

सत्तावीसपैकी सत्तावीस. एवढा स्कोअर मी नोकरीत पहिल्यांदाच पाहत होते.

समोर वासुदेवराव बसले होते. मोर्शीकडचे संत्रा बागायतदार, वय अडुसष्ट. चार महिन्यांपासून ते घराबाहेर पडत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते, बागेतही जात नव्हते. मुलगा त्यांना अमरावतीला आमच्या क्लिनिकमध्ये घेऊन आला होता. मी तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. म्हणजे चाचण्या घेणं आणि बोलून उपचार करणं हे माझं काम. गोळ्या आमचे सर लिहितात, ते सायकिॲट्रिस्ट.

डिप्रेशनसाठी आम्ही नऊ प्रश्न विचारतो. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप बिघडली का, भूक कमी झाली का, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. इथे जास्त मार्क मिळवणारा नापास. वासुदेवराव प्रत्येक प्रश्नाला मान हलवून म्हणत होते, "हो. रोजच."

नववा प्रश्न जीव नकोसा होतो का, हा. त्यालाही "हो. रोजच." तेही हसतमुखाने.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. पेशंटला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना सांगायचं, सरांना बोलवायचं. मी सरांना फोन लावला आणि बाहेर बसलेल्या मुलाला व काकूंना, म्हणजे वासुदेवरावांच्या बायकोला, आत घेतलं. मुलगा पांढराफटक पडला. काकूंनी माझ्या हातातला फॉर्म पाहिला.

"भूक नाई म्हनले हे? अवो म्याडम, कालच तं यायनं तीन वाट्या आमरस खाल्ला!"

तेवढ्यात सर आले. सरांचा आवाज शेजारच्या मेडिकलमध्येही ऐकू जातो.

"काय वासुदेवराव, जीव द्यावासा वाटते काय?"

वासुदेवराव खुर्चीतून अर्धे उठलेच. "काहून? मी काहून जीव देऊ? मृगाचा बहार धरायचा हाय आजून!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतल्या कूलरकडे. मे महिना होता, कूलर घरघरत होता. "मॅडम, तुम्ही काय विचारलं ते यांना ऐकू आलं होतं का?"

आमच्या ट्रेनिंगमध्ये मृदू बोलायला शिकवतात. माझ्या मृदू आवाजाचं तिथे फार कौतुक होतं. त्याच आवाजात मी विचारलं, "काका, तुमचं नाव शांताबाई आहे का?"

"हो," वासुदेवराव म्हणाले. "रोजच."

मुलगा खाली बघत म्हणाला, "म्याच सांगतलं होतं त्याईले. डॉक्टर इचारतीन त्याले हो म्हना, रोजच म्हना, वाद घालू नका."

कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एका कानातून मळाचा बोळा निघाला. दुसऱ्या कानाची नस कमजोर होती, त्याला ऐकण्याचं मशीन बसलं. घरच्यांना वाटलं, चला, संपलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

पंधरा दिवसांनी मी कूलर बंद करून तेच नऊ प्रश्न पुन्हा विचारले. तेरा मार्क. म्हणजे मध्यम डिप्रेशन. कान उघडले होते, माणूस अजून घरातच बसून होता. नवव्या प्रश्नाला ठाम नाही म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पन आपून आता कोनाच्या कामाचे नाई, असं वाटते."

"काका, शेवटचं कोणाकडे गेला होतात?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आबाजीकडं."

आबाजी म्हणजे त्यांचे जन्माचे मित्र, शेजारच्या बागेचे मालक. ते दवाखान्यात होते आणि वासुदेवराव त्यांच्या घरी, ओट्यावर बाकीच्यांसोबत बसले होते. आबाजींचा मुलगा तिथे येऊन म्हणाला, काका, आबाजी गेले.

"मले वाटलं, आबाजी आले. मी मोठ्यानं म्हनलं, वा! मंग चहा मांडा ना! समदे माह्याकडं पाहून राहिले होते म्याडम."

मी फॉर्ममध्ये तोंड खुपसलं. सायकॉलॉजिस्टने हसू नये असा नियम आहे. वर पाहिलं तर काका स्वतःच हसत होते आणि डोळे पुसत होते. चार महिने त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

सरांनी कमी डोसची गोळी सुरू केली. माझा भाग पुढचा. उदास माणूस म्हणतो, बरं वाटलं की बाहेर पडेन. आम्ही उलटं सांगतो: आधी बाहेर पडा, बरं मागून वाटेल. पहिल्या आठवड्यात बागेत एक चक्कर, मग चौकातला चहा, असं वाढवत नेलं. सहाव्या आठवड्याचं काम त्यांनी स्वतःच लिहिलं: आबाजीचं घर.

"गेला होतात?" मी पुढच्या भेटीत विचारलं.

"गेलो ना. माफी मांगितली. आबाजीची बायको म्हने, भाऊजी, यायनं आयकलं असतं तं हासून उठून बसले असते."

"मग?"

"मंग दोघंबी रडलो."

तीन महिन्यांत स्कोअर चारवर आला. शेवटच्या भेटीला काकू एकट्याच आत आल्या आणि दार लावून घेतलं.

"म्याडम, आता यायले समदंच ऐकू येते. मी चुलीपाशी पुटपुटली तरी इचारते, काय म्हनलं? ते मशीन थोडं कमी होते काय?"

ते माझ्या अखत्यारीत नाही, असं मी सांगितलं. एक आजार सापडला म्हणून दुसरा शोधायचं थांबवू नये, हे आमच्या पुस्तकात होतंच. मोठ्यानं विचारावं, हे नव्हतं.