भास्करच्या कार्डांवरचे लाल दोरे

माझा मित्र भास्कर गेल्याची बातमी मला त्याच्या विद्यार्थ्याने, मंगेशने, फोनवर दिली. पुढच्याच वाक्यात त्याने विचारलं, “काका, सरांची कार्डं कुणाकडे आहेत?” बातमीदारीत उभा जन्म गेल्यामुळे असेल, पण तो प्रश्न माझ्या कानात राहिला…

भास्कर भिवंडीतल्या एका कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवायचा. राजे आणि लढायांचा नव्हे. तिथले विचारवंत एकमेकांना काय लिहीत होते, त्याचा. जर्मन तो शब्दकोश घेऊन घरीच शिकला, कामतघरच्या चाळीत, भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असताना. सहकारी चिडवायचे, “भास्करराव, व्हिएन्नाचं इथं काय काम?” तो म्हणायचा, “सूतही बाहेरूनच येतं की. तेव्हा विचारता का?”

त्याचे वडील गोदामात कापड तपासायचे. दोष सापडला की त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचे, म्हणजे घेणारा फसत नाही. भास्करने हीच पद्धत टिपणांना लावली. ताग्यातले पुठ्ठे कापून त्याने कार्डं केली. ज्या अवतरणाची खात्री नाही, त्या कार्डाच्या कोपऱ्याला भोक आणि लाल दोरा. माझ्या बातम्याही तो तशाच वाचायचा. “विश्वसनीय सूत्रं म्हणजे कोण रे? तुझा चहावाला?”

त्याचं अपुरं पुस्तक संपादित करायचं म्हणून मंगेशने चौथ्या दिवशी कार्डं नेली. दोन आठवड्यांनी नीट लावून परत आणली. मी खोका उघडला. भोकं होती, दोरा एकाही कार्डाला नव्हता.

मी फोन लावला. “स्कॅनरमध्ये अडकत होते, काका.”

“सगळेच? आणि परत बांधायला सुचलं नाही?”

तो म्हणाला, “आधी व्हिएन्नाचं कार्ड बघा. मग मला चोर म्हणा.”

त्या कार्डावरचं वाक्य मला पाठ होतं. व्हिएन्नातल्या एका तत्त्वज्ञाच्या पत्रातलं म्हणून भास्करने ते छापलं होतं. त्याच लेखाने त्याचं नाव झालं, बाहेरच्या विद्यापीठांची बोलावणी आली. कार्डाच्या कोपऱ्याला भोक होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मूळ पत्रात नाही. माझंच टिपण, उतरवताना मिसळलं.’

भास्करची बायको, मालतीवहिनी, भिवंडीजवळच्या अंजूर गावच्या. त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “रिटायर झाल्यावर बांधला तो दोरा. चार दिस धड जेवले न्हाय.”

“कुणाला सांगितलं का नाही?”

“मला सांगितलं की. मला काय जर्मन येतंय?” मग म्हणाल्या, “मंगेश म्हनतो झाकून टाकू, सरांचं नाव ऱ्हाईल. भावजी, सासऱ्यांनी दोरा तोडून माल कधी पाठवला न्हाय. तुमी लिवा.”

मंगेश सरांचं नाव वाचवत होता की संपादक म्हणून छापून येणारं स्वतःचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भास्करने ही चूक कधी जाहीर का केली नाही, हेही नाही. निवृत्तीनंतर त्याला वेळ होता, आणि मी आठवड्यातून दोनदा त्याच्या समोर बसत होतो…

वर्तमानपत्रात चूक झाली की दुरुस्ती छापतात. ती अशी: ‘मी स्वातंत्र्याविषयी लिहितो आणि भिंतीपलीकडचे माग थांबत नाहीत’ हे वाक्य व्हिएन्नाहून आलेल्या कोणत्याही पत्रात नाही. ते कामतघरच्या चाळीत लिहिलेलं आहे. लेखक भास्कर.