खरड छाटणी घरातल्या कुंडीत चालत नाही

सुनंदा, मी सायखेड्याहून निघाले त्या सकाळी माझ्या नवऱ्याने माझ्या कुंड्या ओट्यावरून एकेक करून अंगणात आपटल्या. चहाला उशीर झाला, एवढंच निमित्त. कुंड्या संपल्या तेव्हा माझे केस त्याच्या मुठीत आले आणि डोकं चौकटीवर. माझा दीर, म्हणजे तुझा नवरा, समोर खाटेवर बसून मोबाईल बघत होता. तू मात्र मातीतून मनी प्लांटचे तुकडे उचललेस, ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत कोंबलेस. "ताई, जा. मागं बघू नको," म्हणालीस. त्यापायी तू किती मार खाल्लास ते मला फार नंतर कळलं.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "गप ऱ्हाय दोन दिवस, निवळंल तो." दोन दिवस, दोन दिवस करत माझं निम्मं आयुष्य गेलं होतं. मी नाशिकची बस धरली.

इथे एका नर्सरीत काम मिळालं. इनडोअर, कोकोपीट, रीपॉटिंग हे शब्द आता तोंडात बसलेत. पण पहिल्या वर्षी मी स्वतःचं चांगलं हसं करून घेतलं. एप्रिल आला आणि आपला बागायती हात शिवशिवायला लागला. द्राक्षाची खरड छाटणी करतो तशी मी खोलीतल्या क्रोटनची केली. पान न् पान उतरवलं, फांद्या बोटभर ठेवल्या, वर कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याची पेस्टही फासली. बागेत डोक्यावर ऊन आग ओकत असतं, म्हणून छाटलेली वेल फुटते. खोलीत कुठलं ऊन? क्रोटन उभं वाळलं. नर्सरीच्या मालकीणबाई हसून म्हणाल्या, "अहो, त्याला जगायचं होतं ना!"

म्हणून तुला नीट सांगते. घरातल्या रोपाचा एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कापू नये. कात्री धारदार आणि पुसलेली हवी. बोथट कात्री देठ चेचते आणि चेचलेलं सडतं. मनी प्लांट कापताना पान फुटतं त्या गाठीच्या जरा खाली काप, कारण मुळं गाठीतूनच येतात. खालची पानं काढून पाण्यात ठेव, पाणी बदलत राहा, मुळं बोटभर झाली की मातीत लाव. स्नेक प्लांटच्या पानाची जखम मात्र आधी एक-दोन दिवस सुकू दे, आणि लावताना खालचं टोक खालीच ठेव. पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून ओल बघायची. इथल्या बायका रोज पाणी ओतून रोपं लाडाने मारतात.

मागच्या आठवड्यात माझा नवरा इथे आला. दार उघडं होतं, मी गॅलरीत छाटत बसले होते. "सुनंदा उलटून बोलाया लागलीय. तूच बिघडवली तिला," म्हणाला आणि लाथेने कुंड्या उडवायला लागला. मग हात माझ्या केसांकडे आला. मी कात्री त्याच्या मनगटात घुसवली. रक्त कोकोपीटच्या भुशावर सांडलं, तो बोंबलत जिना उतरला. मला जराही वाईट वाटलं नाही. दाराला कुलूप लावलं आणि पोलीस चौकीत जाऊन तक्रार दिली.

घरी येऊन पडलेली रोपं मुळांची माती न झाडता नव्या कुंड्यांत बसवली. खत दिलं नाही. दुखावलेल्या मुळांना खत दिलं की ती जळतात.

आणि काल तुझा फोन. "ताई, ह्यांनी गळा दाबला माझा. तुझ्याकडं जागा हाय का?" मी "हाय, निघ" म्हणाले आणि फोन कटला. तेव्हापासून लागत नाहीये. तू येईपर्यंत हात रिकामे राहवेनात, म्हणून हे लिहीत बसलेय.

लोक म्हणतात, बाई म्हणजे रोप, लावाल तिथे रुजते. त्या बोलण्याचा मला संताप येतो. रोपाला स्वतःहून बस पकडावी लागत नाही.

खोली एकच आहे. खिडकीजवळ उजेड चांगला, म्हणून तिथे रोपं होती. आज ती सगळी मोरीकडे सरकवली. काही पिवळी पडतील, पडू देत. तिथे तुझं अंथरूण घातलंय. मला आता घर म्हटलं की हीच जागा डोळ्यांसमोर येते. दाराला आतून कडी असेल, घाबरू नकोस. वाजव आणि आवाज दे. तुझा आवाज ऐकला की उघडते.