पुलाच्या खांबाची भेग

लोणावळ्यात माझं फोटोचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. घाटात विजेची इंजिनं नुकतीच लागली होती आणि मुंबईची मंडळी हवापालटाला जास्तच येऊ लागली होती. त्यांचे, त्यांच्या बायकापोरांचे, एवढंच काय, कुत्र्यांचेसुद्धा फोटो मी काढले. माणूस दिसतो तसाच त्याला कागदावर दिला, तर तो दुसऱ्यांदा दुकानाची पायरी चढत नाही, हे मी फार लवकर शिकलो. म्हणून काचेच्या निगेटिव्ह प्लेटवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून मी देवीचे वण बुजवायचो, कपाळावरच्या आठ्या घालवायचो. या कामात माझा हात धरणारा तळेगावापासून खंडाळ्यापर्यंत कुणी नव्हता, आणि हे मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. स्वभावच तसा, त्याला काय करणार!

संक्रांत होऊन गेल्यावर एक म्हातारे शेतकरी दुकानात आले. पवना नदीपलीकडच्या एका लहानशा गावचे. त्यांना मी आबा म्हणू लागलो. त्यांना माणसाचा नाही, पुलाचा फोटो हवा होता. मी हसलो. ते हसले नाहीत.

गावाकडे जाणारा तो दगडी पूल सरकारी कचेरीने कधीच टाकून दिला होता. मोटारीचा रस्ता वरच्या अंगाने गेला, तिकडे नवा पूल झाला, आणि या जुन्याकडे कुणी फिरकेना. एक कमान ढासळली, तिथे गावानेच ओंडके टाकले. मधल्या खांबाला भेग पडली, तिला मात्र गावाकडे उपाय नव्हता. नव्या पुलावरून यायचं तर डोंगराला वळसा, अख्खा दिवस मोडायचा. म्हणून अर्ज करायचं ठरलं होतं. अर्ज लिहून देणाऱ्याने बजावलं होतं, सोबत फोटो लावा, साहेब काही बघायला येणार नाही.

आबा हे सगळं सपाट आवाजात सांगत होते. सुनेचं पहिलं बाळंतपण भर पावसाळ्यात अडलं. ओंडके वाहून गेलेले, तिला कामशेतच्या डॉक्टरकडे नेता आलं नाही. मूल गेलं, सून कशीबशी वाचली. आता ती पुन्हा पोटुशी होती आणि श्रावणात दिवस भरत होते. पावसाच्या आत निदान दोन लोखंडी तुळया पडाव्यात आणि खांब सांधला जावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

दोन दिवसांनी मी कामशेतला उतरलो आणि त्यांच्या बैलगाडीने नदीवर गेलो. आबांनी मला आधी खांबापाशी नेलं. भेगेत हात घालून दाखवला, तो कोपरापर्यंत आत गेला.

"ही दिसली पायजे," ते म्हणाले.

दिसेल, मी म्हटलं. आणि तिथून वळलो तोच माझं डोकं फिरलं. धुकं नुकतं उठलं होतं, पाणी तसूभर हलत नव्हतं, कमानींवर तिरकं ऊन पडलं होतं. इतका देखणा पूल मी जन्मात पाहिला नव्हता. चांगली जागा शोधत खालच्या अंगाला बरंच लांब गेलो. तिथून ढासळलेली कमान उंबराच्या फांदीआड जात होती आणि ओंडके एका रेषेत दिसत होते. आबा काठावरून काहीतरी ओरडून सांगत होते. मी काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं नाही.

दुकानात प्लेट धुतली. चित्र झकास आलं होतं, फक्त ऐन मध्यावर ती भेग आडवी येत होती. त्या दिवशी एका नवरीच्या गालावरचे वण बुजवायचे होते. ते झाले, मग पुलाची प्लेट पुढे ओढली आणि पेन्सिल चालू झाली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण खोडीवर कशाला ढकलू? आपण काय करतोय हे मला कळत होतं. त्यांनी सांगितलं होतं माकड करायला, मी केला गणपती.

आबा फोटो न्यायला आले. बराच वेळ कागद उजेडाकडे धरून बघत राहिले. भेग कुठे गेली, एवढंच त्यांनी विचारलं. एवढं बारीक कागदावर उमटत नाही, मी खेकसलो. ते कागद पटक्याच्या पदरात गुंडाळून घेऊन गेले.

वैशाखात ते उत्तर घेऊन आले आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. फोटोवरून पूल धडधाकट दिसतो, सबब काही करण्याची गरज नाही, असं कचेरीने कळवलं होतं. मी म्हटलं, पुन्हा येतो, जवळून काढतो, आपण परत अर्ज करू. पण ऐन हंगाम होता. दुकानात गिऱ्हाईक, तळेगावात लग्नं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता आभाळ भरून आलं आणि मी गेलो नाही. लाज वाटते सांगायला, पण गेलो नाही.

श्रावणात एका सकाळी आबा दुकानाच्या दारात उभे. घोंगडीतून पाणी गळत होतं. मधला खांब पहिल्याच पुरात गेला होता. सुनेला कळा लागल्यावर झोळीत घालून डोंगराच्या वळशाने आणलं, आदला सगळा दिवस त्यात गेला. कामशेतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिने प्राण सोडला होता. मूल पोटातच गेलं. सुनेचा एकही फोटो नव्हता आणि तिच्या नवऱ्याला एक हवा होता. मी कॅमेरा उचलला. आम्ही कामशेतची गाडी धरली.

दवाखान्याच्या ओसरीवर तिला ठेवलं होतं. तिचा नवरा पायांशी बसला होता. पोरगी विशीचीसुद्धा नसेल. तोंडाला चिखल लागलेला, दातांखाली चावून चावून खालचा ओठ फाटलेला. मला ते बघवेना. मी रुमाल भिजवला आणि सवयीने तिचा चेहरा बऱ्या बाजूला वळवायला वाकलो. आबांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "भेग तुमी बुजवली, ते मला तवाच दिसलं हुतं. तुमाला आमच्यापरीस जास्त कळतं म्हनून गप बसलो. हिला तरी हाय तशी काढा."