पाण्याच्या नळीतली रेष

कोळंबीच्या रोगांची तपासणी करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ बाईंना सगळे नियमबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. एकवीस वर्षांनंतर त्यांनी रागावणं सोडून दिलं होतं. नवीन आलेल्या प्रत्येकाला त्या दोन खोल्यांमधल्या दारापाशी उभं करत. "ही अलीकडची खोली स्वच्छ. इथे नमुने भरायचे. पलीकडे विषाणूच्या जनुकाच्या कोट्यवधी प्रती निघतात, त्या कपड्यांना कुठेही चिकटतात. म्हणून पलीकडे गेलेल्याने त्या दिवशी अलीकडे यायचं नाही. काही विसरलं तर विसरलं. आणि हो, बाथरूमला आधी जाऊन या."

हा नियम एका मंगळवारी खुद्द नियमबाईंनीच मोडला.

त्या दिवशीचे नमुने टाकीवाल्या काकांचे होते. पांढऱ्या ठिपक्यांच्या साथीतून वाचलेल्या मूठभर कोळंब्यांपासून त्यांनी सात पिढ्या वाढवल्या होत्या. विषाणू अजून त्यांच्या अंगात होता, पण गप्प. त्याची जनुकं नुसती पडून होती, कामाला लागली नव्हती. ती कामाला लागली का हे बघण्याला पुस्तकात जनुक-अभिव्यक्तीची तपासणी म्हणतात, प्रयोगशाळेत मात्र "विषाणू बोलला का?" एवढंच विचारत. बोलायला लागला, की आधी त्याची एक-दोन जनुकं तोंड उघडतात, मग बाकीची, आणि आठवड्याभरात टाकीत एकही जीव उरत नाही. म्हणून काकांना परवानगी एका अटीवर मिळाली होती: पहिलं जनुक बोललं, की त्याच दिवशी दोनशे चाळीस माद्या मारायच्या.

बाई नळ्या भरत होत्या. निम्म्या झाल्या होत्या. पलीकडच्या खोलीतल्या भिंतीवरचा फोन वाजला, थांबला, परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांना कळलं, ही आपलीच लेक. मोबाइल कपाटात बंद असला की ती इथे करायची. पहिल्यांदाच एकटी राहत होती, परक्या गावात. बाईंच्या डोळ्यांसमोर अपघात, दवाखाना, सगळं येऊन गेलं. त्या दार ढकलून आत गेल्या.

"आई, कपडे धुवायच्या मशिनचं दार उघडत नाहीये! शर्ट आत आहे, अकराला मुलाखत!"

"अगं बाई! मशिन बंद कर, दोन मिनिटं थांब, मग ओढ. आणि ओरडू नकोस, दार घाबरून उघडत नसतं."

परत येताना त्यांनी अंगातला कोट बदलायला हवा होता. खरं तर परतच यायला नको होतं. पण नमुन्यांखालचा बर्फ वितळत होता, नळ्या उघड्या होत्या. एक मिनिटाचं काय ते, असं म्हणून त्यांनी उरलेल्या नळ्या भरल्या.

यंत्र दर फेरीला जनुकाच्या प्रती दुप्पट करतं; रेष जितक्या लवकरच्या फेरीला चढेल, तितकं नळीत जनुक जास्त. दुपारी पडद्यावर काकांच्या तीन माद्यांच्या रेषा तेहतिसाव्या फेरीला वर चढल्या. विषाणू बोलला होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी चष्मा काढला. "काकांना सांगावं लागणार. बाहेरच बसलेत."

बाई मात्र चौथी रेष बघत होत्या. ती नुसत्या पाण्याच्या नळीची होती. तिच्यात कोळंबी नाही, काही नाही. ती सपाटच राहायला हवी; उचलली, तर नळ्यांत बाहेरचं काही शिरलंय. ती अडतिसाव्या फेरीला जराशी उचलली होती.

"मॅडम, पाणी बोललंय."

"अडतीसला. छत्तीसनंतरचं मोजायचं नाही, हा तुमचाच नियम ना?"

नियम खरा होता. तोंड मिटून घेतलं असतं तर कागदावर सगळं चोख होतं, कोणी बोट दाखवू शकलं नसतं. बाईंचे कान गरम झाले.

"मी आज उलटी आले," त्या म्हणाल्या. "पलीकडून अलीकडे. त्याच कोटात. लेकीचा फोन होता."

मॅडमनी चष्मा परत लावला. "तुम्ही?"

"मी."

"बरं. नवे नमुने मागवू. या वेळी मी भरते. तुम्ही या दाराच्या आसपास फिरकायचं नाही."

बाई बाहेर काकांशेजारी बाकावर जाऊन बसल्या आणि त्यांनाही सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या लेकी तुमच्या लेकीपायी मरत होत्या?"

"हो."

"आणि आताही मरतील कदाचित."

"हो काका. खरंच बोलला असेल, तर."

"तिला नोकरी तरी मिळाली का?"

"विचारायचं सुचलंच नाही."

"धन्य आहात," काका म्हणाले आणि थोडे सरकून बसले. बाईंना पाय पसरायला जागा झाली.

चार तासांनी मॅडमनी दार उघडलं. त्यांचा चेहरा वाचता येईना. बाईंनीच विचारलं, "पाणी?"

"सपाट. माद्याही सपाट. आणि मुद्दाम बोलका विषाणू घालून ठेवलेली नळी वेळेवर बोलली, म्हणजे तपासणीत खोट नाही. काका, तुमचा विषाणू गपगार झोपलाय."

बाई उठायला गेल्या आणि परत बसल्या. काका मात्र टुणकन उठले. "माराव्या लागतील या धास्तीनं सकाळपासून खाऊ घातलं नाही मी! भुकेल्या कोळंब्या एकमेकींना खातात हो, ताई!" आणि साठी उलटलेला तो माणूस पायऱ्या दोन-दोन करत उतरला.

मॅडमनी चुकांची वही पुढे केली. बाईंनी तारीख, वेळ, कारण, सगळं लिहिलं आणि खाली सही ठोकली. मग मॅडमनी ब्लीचची बादली आणली, दोन फडकी टाकली. "भिंती, टेबलं, दाराची मूठ, सगळं. तुम्ही खालून, मी वरून."

पुसता पुसता बाई काहीतरी बेसूर गुणगुणत होत्या. मॅडमनी त्यांना गप्प बसायला सांगितलं नाही.